शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींनो, प्रोजेक्ट विकत घेण्याआधी हे वाचा

प्रति,
लातूर, नांदेड, बीड, संभाजीनगर आणि मराठवाड्यात जिथं जिथं कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग शिकवतात, तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना,

सप्रेम नमस्कार. वयानं मोठा आहे म्हणून आशीर्वाद लिहिणार होतो, पण पुढं जे लिहिलंय ते वाचून तुम्ही ते परत कराल अशी शंका आली.

लातूरच्या औसा रोडला माझं सेतू केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाइल, सातबारा ही मुख्य कामं. शेजारच्या टेबलावर झेरॉक्स, कलर प्रिंट आणि बाइंडिंग. तुमची-माझी गाठ वर्षातून दोनदा पडते. जूनमध्ये दाखल्यासाठी आणि एप्रिलमध्ये ब्लॅक बुकासाठी, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधीव रिपोर्टासाठी. बाइंडिंगला देण्याआधी मी पानं मोजतो, आणि मोजता मोजता वाचतो. तुमचे गाइड वाचत असतील-नसतील, मी वाचतो. ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम’ मी इतक्यांदा बांधलीय की आता एखादं हॉस्पिटल मलाच चालवता येईल. मध्यंतरी चेहरा ओळखून हजेरी लावायची साथ आली होती. हल्ली सगळीकडं चॅटबॉट. एका पोराच्या बुकात तर प्रत्येक पानाच्या तळाला मागच्या बॅचच्या मुलीचं नाव तसंच राहिलेलं. दाखवलं, तर म्हणाला, “काका, तेवढं व्हाइटनर मारा की.” ऐंशी पानांना!

प्रोजेक्ट कुठून येतात हे मला माहीत आहे. कोड, रिपोर्ट, पीपीटी आणि व्हायवाचे, म्हणजे तोंडी परीक्षेचे प्रश्न असं सगळं मिळून पॅकेज देणाऱ्यांची पत्रकं माझ्याच काउंटरवर ठेवलेली असतात. मी ती ठेवू देतो, म्हणजे पापात मीही आहे.

आता माझी कबुली. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि रोज रात्री नऊनंतर शटर अर्धं ओढून गेम खेळतो. घरी बायको म्हणते, “लेकरं झोपली की हे लेकरू जागं होतंय.” पण मोबाइलवर शंभर जणांनी बंदुका घेऊन उतरायचे गेम मी खेळत नाही. माझा सेकंडहँड लॅपटॉप, आठ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही, बॅटरी पंधरा मिनिटांची. लाइट गेली की इन्व्हर्टरवर आधी प्रिंटर, मग मी. असल्या मशीनवर चालतात ते मोठ्या कंपनीविना, मोजक्या माणसांनी मिळून केलेले छोटे गेम, ज्यांना इंडी म्हणतात. आधी नाइलाजानं खेळलो, आता दुसरं काही गोड लागत नाही.

त्यातला एक तुम्हाला नीट सांगतो, कारण तो माझ्या मानगुटीवरच बसलाय. ‘पेपर्स, प्लीज’. लुकास पोप नावाच्या माणसानं जवळजवळ एकट्यानं केला, २०१३ मध्ये आला. तुम्ही आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवरचे कारकून. साल १९८२. खिडकीपुढं रांग. एकेक माणूस येतो, पासपोर्ट सरकवतो, तुम्ही तारीख, फोटो, शहराचं नाव, शिक्का तपासायचा आणि हिरवा किंवा लाल ठप्पा मारायचा. एका माणसामागं पाच क्रेडिट. संध्याकाळी सहाला खिडकी बंद, आणि मग घरचा हिशेब: भाडं, जेवण, शेगडीचं जळण. बायको, मुलगा, सासू, मामा. पैसे कमी पडले की कुणाचं तरी जेवण तोडायचं.

एवढाच गेम. ना कुठं धावणं, ना उडी. पहिल्या रात्री मी बघत बसलो, की अरे, हे तर माझंच काउंटर आहे! नियम रोज बदलतात, काल चाललेला कागद आज चालत नाही, आणि रांगेतला माणूस वैतागून तुमच्यावरच खेकसतो; नियम करणारा कुठंच दिसत नाही.

त्यात एक जोडपं येतं. नवऱ्याचे कागद बरोबर, बायकोकडं परवाना नाही. नवरा आधीच आत गेलाय. नियमानं तिला परत पाठवायचं. पण गेममध्ये दिवसाच्या पहिल्या दोन चुका नुसत्या ताकिदीवर सुटतात, दंड तिसऱ्यापासून लागतो. तिला आत सोडलं आणि त्या दिवसापासून मला एक सवय लागली. त्या दोन माफ चुका मी जपून ठेवू लागलो, जपून वापरू लागलो. दुपारपर्यंत एकही चूक करायची नाही, म्हणजे संध्याकाळी कुणी तसं आलं तर हातात काहीतरी असेल. दया करायची तर तीसुद्धा रेशनसारखी मोजून, हे पोपनं कुठं लिहिलेलं नाही. नियमच असे रचलेत की ते तुमच्या हातूनच घडतं.

नेमक्या त्याच आठवड्यात माझ्याकडं एक आजी आल्या. आधारवर नाव एक, बँकेच्या पुस्तकावर एका काना-मात्रेनं वेगळं, आणि अंगठा उठत नव्हता. जन्मभर खुरपं धरलेल्या हाताला रेषा उरत नाहीत. मशीन म्हणतं, परत ठेवा. आजी अंगठा पदराला पुसून परत ठेवतात. एरवी मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हटलं असतं, “उद्या या.” त्या दिवशी मान वर करून बघितलं. काम त्या दिवशीही झालं नाही, अर्ज त्रुटीत गेलाच. पण त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि नावदुरुस्तीचा फॉर्म मीच भरून दिला. गेममुळं मी सुधारलो असा याचा अर्थ काढू नका. जूनच्या गर्दीत मी अजूनही खेकसतो. खेकसताना हल्ली ते कानावर येतं, एवढंच.

आपल्याकडं हे काही नवीन नाही. पैठणच्या नाथांनी भारुडात हेच केलं. जोशी, गोंधळी, आंधळा, मुका अशा एकेकाचं सोंग घ्यायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं. फरक एवढाच, की भारुडात सोंग दुसरा घेतो आणि आपण समोर बसतो. इथं सोंग आपल्याला घ्यावं लागतं आणि संध्याकाळी त्याचं भाडंही भरावं लागतं.

पोपचाच दुसरा गेम, २०१८ चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. जहाज रिकामं परत आलंय. त्यावरच्या साठ माणसांचं काय झालं ते ईस्ट इंडिया कंपनीच्या विमा तपासनिसानं शोधायचं. चित्र फक्त दोन रंगांत. बोलण्याचा हेल, झोपायच्या झोळीवरचा नंबर, पायातला बूट यांवरून कोण कोण ते ठरवायचं, आणि तिघांचं बरोबर आलं की मगच वही ते मान्य करते. मतदार यादी आणि रेशन कार्ड जुळवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला याच्याइतकं सुख नाही. तीन आठवडे लागले. शेवटचे चौघं अंदाजानं लावले, हे कुणाला सांगू नका.

बरं, सगळंच डोक्यावर घेत नाही. ‘हॉलो नाइट’ची जगभर वाहवा झाली, त्याचा दुसरा भाग २०२५ च्या सप्टेंबरात आला तेव्हा गेम विकणारी ऑनलाइन दुकानंच बंद पडली म्हणे. मी पहिलाच अर्ध्यात सोडला. चित्रं देखणी, पण तेच तेच बोळ, आणि मेलो की लांबून परत चालत यायचं. दिवसभर तेच करतो की! ‘अंडरटेल’मध्ये कुणालाही न मारता शेवटपर्यंत जाता येतं, ही कल्पना फार मोठी, विनोद मात्र निम्मे डोक्यावरून गेले. ‘लिम्बो’ एका रात्रीत संपवला आणि पोराला दाखवायचा नाही असं ठरवलं, तो कोळी भयंकर आहे.

‘बलाट्रो’ मी दुकानात खेळणंच बंद केलं. २०२४ चा हा गेम कॅनडातल्या एकानं केलेला. पत्ते पोकरचे, पण पैसा लावायचा नाही. वेगवेगळे जोकर जमवून गुणांचा डोंगर करायचा. एकदा दाखल्याला आलेल्या गृहस्थांनी वाकून बघितलं आणि गावभर झालं, “सेतूवाला रमी खेळायलाय.” त्यांना तरी काय बोल लावू? युरोपातल्या वयोमर्यादा ठरवणाऱ्या मंडळानंही या गेमला आधी अठरा वर्षांवरचा शिक्का मारला होता, मग अपील झाल्यावर बारावर आणला. आपल्याकडं तर गेम म्हटलं की रमी, आणि रमी म्हटलं की कुणाचं तरी विकलेलं रान. केंद्रानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला, चांगलं झालं. त्याच कायद्यात बिनपैशाच्या गेमना उत्तेजन द्यायचंही म्हटलंय; ते मात्र आमच्या चौकात कुणी वाचलेलं नाही. घरी तुम्ही “गेम करायलोय” असं सांगाल तेव्हा आई-वडिलांना आधी हा फरक समजावून सांगा. नाहीतर प्रोजेक्ट राहील बाजूला आणि मामाला बोलावणं जाईल.

आता ‘स्टारड्यू व्हॅली’. तुमच्यातल्या निम्म्यांनी तो खेळलेला असणार. एरिक बरोननं साडेचार वर्षं एकट्यानं खपून केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोड त्याचा. संध्याकाळी थिएटरात लोकांना खुर्च्या दाखवायचं काम करायचा. २०१६ मध्ये आला आणि कोट्यवधी खपला. शहरातली नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर परत यायचं, ही गोष्ट. मला तो मनापासून आवडतो, दोन वर्षं खेळलो.

पण एकदा आमचे बाबा गावाहून आले होते. ते मागं उभं राहून बराच वेळ बघत होते. पार्सनिपचं बी वीसला घ्यायचं, चार दिवसांनी पस्तीसला विकायचं. माल अंगणातल्या पेटीत टाकायचा, सकाळी पैसे. बाबांनी विचारलं, “आडत कोण घेतंय?” म्हटलं, नाही घेत. “हमाली, तोलाई?” नाही. “कडता?” तोही नाही. “आन भाव?” म्हटलं, कायम तोच. मग गेममध्ये पाऊस लागला. मी खूश, कारण पावसाच्या दिवशी झाडांना पाणी द्यावं लागत नाही. बाबा म्हणाले, “पाऊस पडला की पाणी द्यायचं वाचतंय, एवढंच व्हय? मग हे रान न्हाई रे, ही फुलबाग हाय.” आणि झोपायला गेले.

एवढं नेमकं परीक्षण मी कुठं वाचलेलं नाही. बरोननं लबाडी केली असं नाही. त्याला विसावा देणारं शेत करायचं होतं आणि ते त्यानं केलं. पण २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. जे वाचलं ते खरेदी केंद्रावर नेलं तर हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, पण ओलावा बारा टक्क्यांच्या आत पाहिजे. पाऊस जिथं वैरी होतो, ओलाव्याचं मशीन जिथं खरा खलनायक असतं, त्या शेताचा गेम अमेरिकेतल्या सिएटलकडचा हा बरोन करू शकत नाही. तो अडत्याला ओळखत नाही. तुम्ही ओळखता. तुमच्यातल्या कित्येकांची फी त्याच्याच उचलीतून भरली गेलीय.

म्हणून हे पत्र. प्रोजेक्ट विकत घेऊ नका, एक छोटा गेम करा. तुम्हाला आतून माहीत असलेल्या एका गोष्टीचा.

गेम हा प्रोजेक्ट असतो का, असं गाइड विचारतील. ‘आउटर वाइल्ड्स’ हा गेम कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात एका विद्यार्थ्याचा मास्टर्सचा प्रबंध म्हणून सुरू झाला, असं त्यांना सांगा. माझ्या लॅपटॉपवर तो उघडतसुद्धा नाही. पुण्याला भाच्याकडं गेलो की त्याच्या पीसीवर खेळतो. दर बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यापासून. हाती उरतं ते फक्त तुम्हाला जे कळलं ते, ना शस्त्र, ना पैसा. भाच्याकडचे माझे चार मुक्काम त्यातच गेले, बहीण अजून बोलत नाही. तरीही गाइडना पटलं नाही, तर युद्धात अडकलेल्या सामान्य माणसांवरचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ पोलंडच्या सरकारनं २०२० मध्ये शाळांच्या वाचनयादीत घातला, हे सांगा. सरकारी दाखला म्हटलं की आपल्याकडं माणूस जरा नरमतो.

फक्त एक हात जोडून विनंती. महाराजांवरचा थ्रीडी ओपन वर्ल्ड गेम, म्हणजे मोकळं हिंडायचं अख्खं जग, करू नका. दरवर्षी एक तरी ग्रुप माझ्याकडं तोच सिनॉप्सिस घेऊन येतो. मग एप्रिलमध्ये बघावं तर नेटवरून उतरवलेला इंग्लंडातला किल्ला, आणि हवेत तरंगत धावणारा घोडा. महाराजांबद्दल आदर आहे म्हणूनच म्हणतो, चार पोरांनी आठ महिन्यांत करायचं ते काम नाही. ‘सेलेस्ट’ हा डोंगर चढायचा गाजलेला गेम आधी दोघांनी चार दिवसांत केला होता, तोही पिको-८ नावाच्या, नुसत्या सॉफ्टवेअरात असलेल्या छोट्या मशीनवर. पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, रंग सोळा. मोठा ‘सेलेस्ट’ २०१८ मध्ये आला. तो मी वेग कमी करून, मदतीचा पर्याय लावून पूर्ण केला. माझ्या बोटांना आता तेवढंच झेपतं. अशी सोय गेममध्ये आधीपासून ठेवणाऱ्यांचा मी ऋणी आहे, तुम्हीही ठेवा.

पुण्याच्या लोकांनी ‘राजी’ नावाचा गेम केला, २०२० मध्ये. दिसायला अप्रतिम, पण मारामाऱ्या लवकर तोचतोचपणाकडं जातात आणि शेवट कापल्यासारखा होतो. मला त्याहून जवळचा वाटला २०२३ चा ‘वेण्बा’. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईची फाटकी, डाग पडलेली पाककृतींची वही. इडलीपात्राच्या चकत्या कशा रचायच्या म्हणजे वाफ सगळीकडं पोहोचेल, हेच कोडं. नंतर तीच वही मुलाच्या हाती येते आणि त्याला ती धड वाचता येत नाही. दीड तासात संपतो. कोडी सोपी आहेत, जरा जास्तच सोपी. पण २०२४ ला पदार्पणातल्या गेमचं बाफ्टा पारितोषिक घेऊन गेला. इडलीवर! आणि आपण धपाटे, येसर, सुशीला सगळं असून बसलोय हॉस्पिटल मॅनेजमेंट करत.

काय करायचं ते मी सांगू नये, तरी राहवत नाही. बीड-धारूरकडची जी पोरं आहेत, त्यांनी ऊसतोडीचा, म्हणजे कोयत्याचा गेम करावा. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, सहा महिने फेडायची, आणि आजारी पडलं तर खाडा. सुरुवातच वजा खात्यापासून, अशी शेती कुठल्या गेममध्ये आहे? किंवा लातूरचा २०१६ चा उन्हाळा घ्या. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा तुम्ही शाळेत असाल. पहिल्या फेरीत दहा डबे, पाच लाख लिटर. स्टेशनवर फोटो निघाले. त्यापुढं टँकर गल्लीत कसा फिरला ते आम्हाला विचारा. ‘इन्टू द ब्रीच’ नावाचा गेम आठ बाय आठच्या पटावर चालतो, शत्रूची पुढची चाल आधीच दिसते. तसाच पट, चौसष्ट घरं, एक टँकर, आणि कुठल्या घरात माठ आधी रिकामा होणार ते दिसतंय. टँकर कुणाच्या दारात आधी थांबवायचा आणि नगरसेवकाचा फोन आला तर काय करायचं, एवढं ठरवता आलं की गेम झाला. किल्लारीच्या भूकंपाला मात्र इतक्यात हात लावू नका. लावायचाच असेल तर आधी त्या गावांत वर्षभर नुसतं ऐकून या.

साधनांची अडचण सांगू नका. गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेलं; विकलात तरी त्यांना एक रुपया द्यायचा नाही. आणि एक गोष्ट धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. कृतिदेव या जुन्या फाँटमधलं युनिकोडमध्ये नेताना ‘कि’ची वेलांटी उडून पुढच्या अक्षरावर बसते आणि जोडाक्षरांचे तुकडे पडतात, हे मी रोज भोगतो. बऱ्याच गेम इंजिनांत देवनागरीची हीच गत होते. गोडोच्या २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ती नीट जुळून येते. मी ‘उत्पन्नाचा दाखला, मार्च अखेरपर्यंत ग्राह्य’ असं टाकून तपासलंय. तेव्हा गेम मराठीत करा, आणि घरी बोलता तसल्या मराठीत. “काय करायलास” म्हणणारं पात्र मला अजून एकाही गेममध्ये भेटलेलं नाही.

पैसे मिळतील का? बहुतेक नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम ठेवायला शंभर डॉलर लागतात, ते हजार डॉलरचा धंदा झाल्यावर परत मिळतात. कित्येकांचा तेवढा होत नाही. इच डॉट आयओ या साइटवर फुकट ठेवता येतो. प्लेसमेंटचंही मी काही सांगू शकत नाही, हॉस्पिटल मॅनेजमेंटवाल्यांचंही मी बघितलंय, तेही पुण्यात टेस्टिंगच करायलेत. पण व्हायवाला बाहेरचे सर येतात, दोन मिनिटं बघतात आणि सही करतात. तुमचा टँकर दुसऱ्या गल्लीत अडला तर ते तिसरं मिनिट थांबतील की नाही, एवढं मला बघायचंय.

माझ्याकडून एवढंच होण्यासारखं आहे: ज्या ग्रुपचा प्रोजेक्ट स्वतः केलेला गेम असेल, त्यांच्या ब्लॅक बुकाच्या चारही प्रती फुकट, सोनेरी अक्षरांसकट. रात्री नऊनंतर या, शटर अर्धं असेल, वाकून आत या. पेनड्राइव्हवर गेम आणा, मी खेळून बघेन आणि जिथं अडकलो ते कागदावर लिहून देईन. माझ्या आठ जीबीवर चालला पाहिजे.

तुमचा,
औसा रोडचा सेतूवाला

ता. क. प्रिंटला देण्याआधी फूटर बघा. व्हाइटनर संपलंय.